आमच्या घरून निघालेली बातमी

पौषातली सकाळ आमच्याकडे समुद्रावरून येत नाही, पाठीमागून येते. काळदुर्गाच्या कड्यामागे उजेड बराच वेळ अडून राहतो. आकाश पांढुरकं झालेलं असतं, पण जमिनीवर अजून कशालाच सावली नसते. मग खाडीत उभ्या असलेल्या होड्यांच्या डोलकाठ्यांची टोकं तेवढी पिवळी होतात. खाली होड्या काळ्याच राहतात. तो पिवळेपणा हळूहळू माडांच्या शेंड्यांवर येतो, शेंड्यांवरून कौलांवर, कौलांवरून भिंतींवर, आणि बायकांची पाण्याची एक खेप होऊन गेल्यावर कधीतरी वाळूत रोवलेल्या वलांड्यांपाशी पोचतो. बांबूंच्या त्या आडव्या ओळींवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले बोंबील तोवर काळ्या चिंध्यांसारखे दिसत असतात. उजेड पोचला की ते आतून उजळतात. ओल्या बोंबलाला अंगाचा रंग असा नसतोच. उजेड त्याच्यावर थांबत नाही, आरपार निघून जातो, आणि घटकाभर सारा किनारा दिवे लावल्यासारखा दिसतो. मग वारा सुटतो, बोंबील हलायला लागतात, आणि ते पुन्हा नुसते बोंबील होतात.

लहानपणापासून मी ओट्यावर बसून ही घटका पाहत आलो आहे. मला फारसं बोलता येत नाही. त्या वेळी कोणी माझ्याकडून बोलण्याची अपेक्षाही करत नाही.

वलांड्यांवर उजेडाच्या पाठोपाठ कावळे येतात. कोयनेच्या भूकंपाच्या बातम्या वर्तमानपत्रांतून अजून सरल्या नव्हत्या त्या दिवसांत, अशाच एका सकाळी, माझा थोरला भाऊ एकनाथ बोंबील उलटे करत होता. एक कावळा खाली झेपावला, आणि बोंबलाला चोच लावण्याऐवजी दादाच्या डोक्याला पाय लावून गेला. दादाने हात झटकला आणि तो पुढच्या ओळीकडे वळला. पण आईने दारातून ते पाहिलं होतं.

कावळा शिवला की माणसावर मरणाची सावली पडते, आणि ती उतरवायचा एकच उपाय आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तो माणूस मेल्याची खोटी बातमी परगावच्या नातलगांना पाठवायची. ते रडले की मरणाचं देणं फिटतं, मग खरं काय ते कळवून नारळ-साखर धाडायची. अट एवढीच की रडणारा खरोखर रडला पाहिजे. त्याला आधी कळलं तर सगळं फुकट.

मी मॅट्रिक झालेला. मच्छीमार सोसायटीच्या खोलीत रेडिओ आणि वर्तमानपत्र या दोन्ही गोष्टी माझ्या ताब्यात असत. पालघरला गाडीने आलेला पेपर एस.टी.तून दुपारी सातपाटीला पोचे, आणि जाळी विणत बसलेल्या मंडळींना मी तो मोठ्याने वाचून दाखवी. वाचताना मला लाज वाटत नसे, कारण ते शब्द माझे नसत. माझ्या तोंडून आलेली बातमी खरी, असं गावात आणि गावाबाहेरही धरून चालत. म्हणूनच आईने हे काम मला सांगितलं. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. आमच्या घरात याचा अर्थ हो असाच होतो.

बातमी काय सांगायची, तेही आईनेच ठरवलं.

"तापान गेला, येवढाच सांगायचा," ती म्हणाली. "दर्याचा, पान्याचा नाव तोंडातून काडायचा नाय. खोट्यात पन नाय."

दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या मरणाशी पाण्याचं नाव आमच्याकडे कोणी जोडत नाही, थट्टेतही नाही. ताप बरा. तापाला कोणी घाबरत नाही.

दादाला गंमत वाटली. तो त्याच दिवशी तारापूर बंदरातून एका डहाणूकर मालकाच्या शिडाच्या मचव्यावर खलाशी म्हणून निघणार होता. गवत भरून सौराष्ट्रात जायचं आणि येताना कांदा भरून आणायचा, असा तो मचवा होता. खांद्यावर पिशवी टाकून तो माझ्याजवळ आला. "पेपरात नको छापू म्हंजे झाला," म्हणाला. "मालक दुसरा खलाशी बगेल." मग पुष्पलतावहिनीकडे पाहून त्याने डोळे मिटून मान टाकली, मेल्यासारखी. वहिनीला ते आवडलं नाही. तिने तोंड फिरवलं. एस.टी. सुटली तेव्हा ती वलांड्यांपाशीच होती.

आईने पालघरच्या बाजारासाठी भागीमावशीला धरलं. मासळी विकणाऱ्या बायांत भागीमावशीसारखा आवाज कोणाचाच नाही. तिला खरं काय ते ठाऊक होतं, तरीही बाजारात पाटी उतरवल्यावर ती इतकी मनापासून रडली म्हणे, की गिऱ्हाइकांनी भाव न करता पापलेटं उचलली. तिथून ती बातमी माहीमला गेली, केळव्याला गेली, बोईसरला गेली. मुरब्याला मात्र मला स्वतः जावं लागलं. खाडीपलीकडच्या मुरब्यात माझी बहीण चंद्रकांता दिलेली आहे, आणि तिने दुसऱ्या कोणावर विश्वास ठेवला नसता.

खाडी ओलांडणाऱ्या तरीतून उतरलो तेव्हा ती सुकट निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि पेपर वाचावा तसं एक वाक्य म्हटलं. तिने सूप खाली ठेवलं, अगदी सावकाश, सांडू नये म्हणून. आणि मग ती जी ओरडली, तो आवाज आईने मागितला होता तसाच खरा होता. ती माझ्या छातीवर कपाळ आपटत राहिली. मला तिच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, पण खोटी बातमी आणणाऱ्याला तो हक्क असतो की नाही हे मला ठरवता येईना. मी हात लोंबते ठेवून उभा राहिलो.

पुढच्या बाजाराला खरं कळवलं गेलं. चंद्रकांताने साखर घेतली, नारळ घेतला, आणि मला दोन्ही गालांत मारलं. मग हसली. मला वाटलं, संपलं.

पण बातमी सोडणं आपल्या हातात असतं, परत बोलावणं नसतं. खोटी बातमी पुढे धावत होती आणि खरी तिच्यामागून चालत होती. एस.टी.चा कंडक्टर माझ्या हातावर हात ठेवून उभा राहिला. पालघरच्या स्टेशनवर पेपरवाल्याने गठ्ठा देताना टोपी काढली. मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. ते ऐकून माणसं ओशाळी व्हायची, काही चिडायची. एका सकाळी मासवणकडचा नवशा अंगणात येऊन उभा राहिला. तो डोंगरातला माणूस; पावसाच्या तोंडावर आईकडून सुकी मासळी नेतो आणि भाताच्या कापणीनंतर तांदूळ आणून देतो. मरणाचं बोलायला आलेला माणूस पाणी मागत नाही, म्हणून तो तसाच उन्हात उभा होता. वहिनी हातभर हिरव्या बांगड्यांनिशी बाहेर आली आणि तिने त्याच्यापुढे तांब्या धरला. नवशा आधी तिच्या हातांकडे आणि मग चुलीच्या धुराकडे पाहत राहिला.

"मेल्याचे घरी मासळी तळते," तो म्हणाला, "तवाच मना वाटला, कायतरी गडबड हाय."

आणि तो एवढा हसला की त्याला ठसका लागला. त्या दिवशी आईसुद्धा हसली. जाताना नवशा म्हणाला की एकनाथाला सांग, मी तुझ्या मरणाला एवढा डोंगर उतरून आलो होतो. लग्नाला बोलावलं नव्हतंस, ते आता फिटलं.

मचवा यायचे दिवस आले आणि गेले.

प्रथम मी त्याची काळजी केली नाही. वारा पडला असेल. माल मिळाला नसेल. रेडिओवरचा हवामानाचा इशारा मी रोज कान देऊन ऐकत होतो. त्यात आमच्या किनाऱ्याचं नाव येत नव्हतं. पेपरात बंदरांच्या बातम्यांचा कोपरा असे, तो मी मोठ्याने वाचायच्या आधी मनात वाचून घेत होतो. मोठी जहाजं, त्यांची परकी नावं, धान्य, खत. गवत वाहणाऱ्या मचव्याची दखल घेणारं छापील अक्षर मला कुठे सापडलं नाही. बातमी नाही म्हणजे वाईट बातमी नाही, असं मी वहिनीला सांगे. ती ऐकून घेई आणि पुन्हा कामाला लागे.

मग वर्तमानपत्रात आणि रेडिओवर नसलेली बातमी माणसांना विचारायची पाळी आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपण कोंडले गेलो आहोत. मला कोणाला विचारता येत नव्हतं. "एकनाथाचं काही कळलं का," असं विचारलं की ज्यांना आमची खोटी बातमी ठाऊक होती ते हसत, आणि ज्यांना ठाऊक नव्हती ते हळहळत. तिसरं उत्तर कोणापाशी नव्हतं. निरोप न्यायलाही कोणी राजी होईना. भागीमावशीला मी डहाणूच्या बायांकडे चौकशी करायला सांगितलं तेव्हा ती पाटी डोक्यावर घेता घेता थांबली. "तुज्या घरचा निरोप मी आता नेत नाय, पोरा," म्हणाली. "गेल्या टायमाला रडून रडून माजा घसा बसला, आनि तुजा भाव तिकडं गुजरात्यांची जिलबी खातंय."

आमच्याकडे डोल नावाचं जाळं असतं. पाण्याच्या ओढीत तोंड उघडं करून ते बांधून ठेवतात. त्याला दार नसतं, झाकण नसतं; ज्या वाटेने मासा आत आला ती वाट शेवटपर्यंत मोकळी असते. फक्त पाणी त्याच्या मागून येत असतं, आणि त्याला वळता येत नाही. त्या दिवसांत मला हे सारखं आठवत असे. मी तारापूरला कधीही जाऊ शकलो असतो. मी बरेच दिवस गेलो नाही.

शेवटी गेलो. बोईसरला उतरलो. पलीकडे समुद्रकाठी वीजकेंद्राचं काम चाललेलं असल्याने तिथे परमुलखातल्या माणसांची आणि मालट्रकांची गर्दी होती. चहाच्या टपरीवर मी एका ड्रायव्हरला तारापूर बंदरापर्यंत सोडशील का, असं विचारलं. कुठला, म्हणून त्याने विचारलं. सातपाटी म्हणताच तो सरळ बसला.

"सातपाटी का तो वो एकनाथ था ना," तो म्हणाला. "गया बेचारा. पानी में गया."

मी त्याला शांतपणे विचारलं, तुला कोणी सांगितलं. टपरीवर ऐकलं, म्हणाला. टपरीवाल्याला कोणी सांगितलं? मासळीवाल्या बायांनी. मला हायसं वाटलं. मासळीवाल्या बाया म्हणजे भागीमावशीच. आमचीच बातमी फिरून फिरून माझ्यापर्यंत आली होती. समुद्रकाठच्या माणसाचं मरण परमुलखातल्या माणसाला पाण्यावाचून सुचणार नाही, त्याने ते आपल्या मनाने जोडलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. ट्रकमध्ये बसल्यावर मी त्याला कावळ्याची हकिकत सांगितली. तो खूप हसला. बंदरापाशी उतरवताना मात्र त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

तारापूर बंदरावर चिंधू नावाचा म्हातारा मचव्यांची ये-जा पाहत बसलेला असतो. तो पूर्वी तांडेल म्हणून मचवे चालवायचा. सगळे मचवे त्याला ओळखतात. मी माझं नाव सांगितलं. त्याने बसायला पोतं पुढे केलं.

मचव्याला तिकडेच दुसरा माल मिळाला, तो परस्पर दक्षिणेला गेला, असं त्याने सांगितलं. मला बरं वाटलं. उशिराचं कारण मिळालं. मग तो म्हणाला, "मालकाचा मानूस निगाला होता तुमच्याकडं, सांगायला. डहाणूच्या बाजारात त्याला कळला, घरी बातमी पोचली, रडून बी झाला. मंग कशाला येल तो? मेल्याच्या घरी दोनदा कोन जातंय?"

म्हाताऱ्याच्या मागे ओहोटीचं पाणी खूप लांब गेलं होतं. चिखलात एक जुना नांगर आडवा पडला होता, त्याच्यावर एक बगळा उभा होता. मी त्या बगळ्याकडे पाहत होतो. चिंधूने आणखी काही सांगितलं: पहाटेचा वारा, शिडाची दोरी अडकलेली, ती सोडवायला कोण वर चढलं ते. मी मान हलवत होतो आणि मनात मात्र धागे जुळवत होतो. डहाणूच्या बाजारात आमची बातमी पोचली होती, हे त्यानेच सांगितलं. मग चिंधूपर्यंत आलं तेही तिथूनच आलं असणार. बंदरावरची माणसं गोष्ट रंगवून सांगतात. दोरी, वारा, डोलकाठी हा सगळा त्यांचा रोजचा सरंजाम. त्याला मी कावळ्याची हकिकत सांगितली. तो हसला नाही. त्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, जा बाबा, आईला सांभाळ.

परतताना पालघरच्या स्टेशनावर मी नेहमीसारखा पेपर घेतला. सबंध पेपरात आमच्याबद्दल काही नव्हतं. मी तो दोनदा वाचला.

घरी सगळ्या वाटा मी आईला नीट समजावून सांगितल्या. ड्रायव्हरने कुठून ऐकलं, चिंधूने कुठून ऐकलं, मालकाच्या माणसाने कुठून ऐकलं. प्रत्येक वाट मागे मागे नेत मी आमच्या ओट्यापर्यंत आणून सोडत होतो. इतकं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो. आईचा चेहरा मोकळा होत गेला. मी वाचून दाखवलेलं आजवर कधी खोटं ठरलं नव्हतं. "म्हंजे आपलाच आवाज," ती म्हणाली. मी हो म्हटलं. वहिनी दाराला टेकून ऐकत होती.

त्यानंतरच्या बाजाराला भागीमावशी पाटी न उतरवताच आमच्या दारात आली. तिचा आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. डहाणूच्या बाया म्हणतात, पाण्यात गेला. मचव्याच्या तांडेलाने सांगितलंय म्हणतात. मी तिलाही समजावलं. मावशी, तूच पेरलेलं तुझ्याच पाटीत परत आलं. गेल्या वेळी खोटं ठाऊक असून ती बाजारभर रडली होती, आणि आता तिला रडता येत नव्हतं. लोक म्हणाले असते, बघा, पुन्हा सोंग आणलं.

चंद्रकांताकडे मी गेलो तेव्हा तिने सूप खाली ठेवलं नाही. तिच्याही कानावर आलं होतं. मी तोंड उघडायच्या आतच ती म्हणाली, "येकदा रडवलास मला. आता तो सोता येऊन सांगल, तरी मी रडायची नाय." ती सुकट निवडत राहिली, झरझर, कचरा कोणता आणि सुकट कोणती हे न बघता. न रडणं तिलाही हवं होतं आणि मलाही. त्या दुपारी आम्ही दोघं दादाच्या जुन्या खोड्या आठवून हसलोसुद्धा. तरीतून परतताना खाडीचं पाणी मी पाहिलं नाही. तरीच्या तळाशी साचलेल्या बोटभर पाण्यातली माझी पावलं पाहत बसलो.

असे दिवस गेले. घरात मासळी तळली जात होती. वहिनीच्या हातात बांगड्या होत्या. आई दादाच्या अंगरख्याला बटण लावून ठेवत होती, कारण आला की त्याला लागेल. गावात कोणी आमच्याकडे मरणाचं बोलायला येत नव्हतं. आले असते आणि वहिनीने तांब्या पुढे केला असता, तर हसावं की रडावं हे त्यांना कळलं नसतं. वाटेने भेटलेली माणसं आमच्याशी हवापाण्याचं बोलत आणि चटकन पुढे जात. सोसायटीच्या खोलीत मी पेपर वाचायला लागलो की एखादं जाळं विणायचं थांबे, आणि सगळे माझ्याकडे पाहत. मी काय वाचतो याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

आज सकाळी उजेड नेहमीसारखाच आला. डोलकाठ्यांची टोकं, माडांचे शेंडे, कौलं. मी ओट्यावर बसलो होतो. वहिनी वलांड्यांपाशी बोंबील उलटे करत होती. दादा गेल्यापासून ते काम तीच करते. उजेड तिच्यापर्यंत पोचला तशा तिच्या बांगड्या चमकल्या. तिने त्या कोपराकडे वर सारल्या, आणि काम सोडून ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. मीही तिच्याशी तेवढंच.

"भावजी," ती म्हणाली, "मी उगाच विचारते. त्या दिसाला आपून काय सांगून धाडलेला?"

"ताप," मी म्हणालो.

"सगळ्यांला तापच?"

"सगळ्यांना."

"भागीमावशीनं बाजारात?"

"तापच."

घाई तिला कसलीच नव्हती. वाऱ्याने बोंबील हलायला लागले होते. मला वाटलं, आता ती पुढचं विचारील, आणि मला ड्रायव्हरचं, चिंधूचं, डहाणूच्या बाजाराचं पुन्हा सगळं सांगता येईल. एकेक वाट मागे नेऊन इथवर आणून सोडता येईल. मी ते मनात जुळवायलाही लागलो होतो. पण तिने विचारलं नाही. आत आई चुलीपाशी खोकत होती, आणि जुळवलेल्या वाटांतली एकही मला शेवटपर्यंत नेता येईना.

मी ओट्यावरून उतरलो.

आमच्या घरून निघालेल्या बातमीत पाणी नव्हतं.